हा धागा या ताक्यातला नाही

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी फेल होऊन इतका खूश झालेला माणूस मी अख्ख्या सुरतेत दुसरा पाहिला नाही. 'फेल' हा शब्द त्यांच्या आईचा. बारडोलीत वर्षानुवर्षं स्वतःची लॅब चालवून, रक्त-लघवीचे रिपोर्ट देऊन कंटाळलेला हा एमडी डॉक्टर एक दिवस शटर ओढून आमच्या हॉस्पिटलात आला तो आतडी आणि यकृताच्या पॅथॉलॉजीची वर्षभराची फेलोशिप करायला. पोटातून काढलेला तांदळाएवढा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून रोग ओळखायचा, हे ते शिक्षण. त्यांनी आनंदाने घरी सांगितलं, "आई, मी फेलो झालो." म्हातारी मूळची धुळ्याकडची. तिने कपाळाला हात लावला, "इतलं शिकीसन बी फेलच व्हयना का रे भाऊ?" ही गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या डिपार्टमेंटला स्वतःच सांगितली आणि ते आमचे फेलसाहेब झाले.

मी तिथला टेक्निशियन, त्यांच्याहून वर्षभराने मोठा. मेणात बसवलेल्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्याच्या भांड्यात तरंगवायचे आणि काचेवर उचलून घ्यायचे, हे माझं काम. फेलसाहेब ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवण्याआधी उजेडाकडे धरून बघत, आणि बोटांनी चाचपल्यासारखं करत. त्यांचे वडील सुरतेतच कतारगामला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. आई घरी कापड आणून त्यावरचे सुटे धागे कापायची आणि शाळेत जाण्याआधी हा मुलगा कापडाच्या अख्ख्या ताक्यावरून हात फिरवून दोष शोधून द्यायचा. दोष सापडला की खडूने खूण करायची आणि ताका पुढे सरकवायचा, रडत बसायचं नाही, असा आईचा नियम. मुलगा डॉक्टर झाला, पण डोळे ताक्यावरच राहिले. पर्वत पाटियाच्या स्टॉपवर एकदा त्यांनी खिशातलं भिंग काढून पुढच्या अनोळखी माणसाच्या शर्टाला लावलं. तो गर्रकन वळला, "शुं करो छो, भाई?" हे गंभीरपणे म्हणाले, "तमारो एक धागो चुकलाय." त्यांचं गुजराती असं अर्ध्यात मराठीवर यायचं. त्या माणसाने आधी आपलं पाकीट तपासलं, मग शर्ट. धागा खरंच चुकलेला होता!

यकृताच्या तुकड्याला चांदीचा रंग दिला की त्यातले तंतू काळ्या जाळीसारखे दिसतात. ती काच आली की फेलसाहेब जेवण विसरत. "भाऊ, बघ काय वीण आहे! देवाने हातमागावर काढलीय." कागदावर रोग्याची माहिती लिहिलेली असे, ती ते आधी वाचत नसत. "आधी कापड, मग गिऱ्हाईक," असं म्हणत. त्यांना शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, शिस्तीच्या आणि गुजराती. एका रिपोर्टात यांनी इंग्रजीत चक्क 'वीण उसवलेली, पण कापड टिकेल' अशा अर्थाचं वाक्य लिहिलं, तेव्हा मॅडमनी तो कागद त्यांच्यासमोर धरला. "डॉक्टर, ये रिपोर्ट है या साडी की दुकान?" हे नम्रपणे उठून उभे राहिले. "मॅडम, दुकान में झूठ चलता है." मॅडमना हसू आवरेना. तरी वाक्य खोडायला लावलंच. दर शनिवारी ते आमच्यासाठी गरम लोचो, म्हणजे सुरतेचा लिबलिबीत ढोकळा आणायचे. वरून तेल ओतलं की द्रोण उजेडात धरून म्हणायचे, "हे बघ, फॅटी लिव्हर," आणि सगळ्यात आधी स्वतः खायचे.

त्या लोचोमुळेच मला हे लिहावं लागतंय. एका शनिवारी साड्यांच्या घड्या घालणाऱ्या एका बाईचा आतड्याचा तुकडा आला होता. वय तिशीचं, शौचातून रक्त जात होतं. दुपारी मॅडम, फेलसाहेब आणि इतर डॉक्टर एकाच मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले. काचेवर कॅन्सर स्पष्ट दिसत होता. सर्जनचा फोन येऊन गेला होता. रिपोर्ट मिळाला की आतडं कापायची तारीख ठरणार होती. मी नवे ट्रे ठेवायला आत गेलो होतो. सगळे उठले, फेलसाहेब मात्र हलेनात. काच मागे-पुढे सरकवत ते म्हणाले, "मॅडम, ये धागा इस ताके का नहीं है."

मॅडम चिडल्या. पण बसल्या, पुन्हा बघितलं आणि मला त्याच मेणातून आणखी काप काढायला सांगितलं. मी काढले. एकातही कॅन्सरचा कण नव्हता. बाईच्या आतड्याला नुसती सूज होती, औषधाने बरी होणारी. तो कण तिच्या आधी ज्याचे काप काढले होते त्या म्हाताऱ्याचा, माझ्या भांड्यातल्या पाण्यावर तरंगत राहिलेला. प्रत्येक रोग्यानंतर कागदाच्या पट्टीने पाण्याचा पृष्ठभाग पुसायचा असतो. मॅडमनी विचारलं, "पानी साफ किया था?" मी म्हणालो, "हां, मॅडम."

केलं नव्हतं. लोचो गार होईल म्हणून केलं नव्हतं. फेलसाहेबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. तसं ते धागा चुकलेल्या शर्टाकडे बघायचे.

सोमवारी मी आलो तर ते माझ्या आधी हजर. पाण्याच्या भांड्यावर वाकून, गुजराती पेपरची पट्टी फिरवत गुणगुणत होते. मी ओशाळलो. "साहेब, हे माझं काम."

"फेल झालेल्याला पहिलीपासून शिकावं लागतं, भाऊ," ते म्हणाले आणि दुसरी पट्टी फाडली. फेलोशिप संपेपर्यंत त्यांनी एकही सकाळ चुकवली नाही. मला एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

आता ते बारडोलीला परत गेलेत आणि आसपासच्या गावांतून लोक यकृताच्या काचा घेऊन त्यांच्याकडे जातात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, पाणी कसं आहे?" मी म्हणतो, "स्वच्छ." माझी बायको म्हणते, तुमच्या साहेबांना आपल्या नळाची भारी काळजी. मी तिलाही काही सांगितलं नव्हतं. त्या साडीवाल्या बाईचा चेहरा मी कधी पाहिला नाही, तरी मार्केटात घड्या घालणारी कुणीही दिसली की मान खाली जाते.

गेल्या रविवारी फोन आला. "भाऊ, पाणी कसं आहे?" या वेळी माझ्या तोंडून घरची अहिराणी निघून गेली, त्यांच्या आईचीच बोली. "साहेब, त्या रोजले मी पाणी पुसेल नव्हतं."

ते लगेच म्हणाले, "माले माहीत शे. आज कसं शे?"

"स्वच्छ शे."

"मंग ताका पुढे सरकाव," म्हणाले आणि आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागले.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "रडताय काय? काय म्हणाले साहेब?"

"पाण्याचंच," मी म्हणालो, आणि तिला शेजारी बसवून पहिल्यापासून सांगायला लागलो.