ओट्याखाली आजी बसलेली आहे

माझं डोकं सटकलं ते फोनवरच्या एका शब्दामुळे. "ताई, पावसाच्या आधी तेवढी समाधी सरकवून घ्या," रशीदभाई म्हणाले. सरकवून! कपाट आहे का ते?

रशीदभाई रिसोडचे धान्याचे व्यापारी. किन्हीराजाच्या अलीकडचं आमचं शेत त्यांनी माझ्या चुलतभावाकडून विकत घेतलं. त्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात माझ्या आजीची समाधी आहे, आणि उताराचं पाणी तिथंच येतं म्हणून शेततळंही तिथंच खोदायचं होतं. भावाने व्यवहाराच्या वेळी "घेऊ सरकवून" म्हणत मान डोलावलेली. त्याचं काय जातंय, तो बसलाय पुण्यात. मी मात्र दुसऱ्याच दिवशी संभाजीनगरहून एसटी पकडली.

हे सगळं लिहितेय कारण अशी शेतातली समाधी पुष्कळ घरांत असते. आम्ही गोसावी, आमच्यात दहन नाही. लिंगायतांत नाही, महानुभावांतही नाही. शेत विकलं जातं, वाटण्या होतात, रस्ता रुंद होतो, आणि मग एक दिवस असा फोन येतो. तो तुमच्याकडे येण्याआधी दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

जालना, लोणार करत रिसोडला उतरले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. मे महिन्यात या बाजूला यायचं तर डोक्याला दुपट्टा आणि पिशवीत मोठी पाण्याची बाटली हवीच. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. रिसोडच्या आत्याला तर पंचाहत्तरीनंतर तेही लागत नाही, त्यामुळे ती वाहक आला की ओळखपत्र असं काढते की जणू बस तिच्याच मालकीची. आजी गेली तेव्हा आत्या परकर नेसण्याच्या वयाची होती. आजीला पाहिलेलं आता घरात तीच एक उरलेली.

आत्याला मी सगळं सांगितलं. निघताना तिने तेलाची बाटली, वात आणि नवं लुगडं पिशवीत टाकलं. लुगडं कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, मायले बाहेर काढलं तर अंगावर घालाले नको का? समाधी हलवायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचा तोवर मीसुद्धा नीट विचार केला नव्हता.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावपर्यंत बस, तिथं स्टँडसमोर आलूबोंडा आणि वरून झणझणीत रस्सा. आत्याने दोनदा रस्सा मागून घेतला. मी तोवर वाशीमच्या ओळखीच्या वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी समजावलं ते असं. खरेदीखतात समाधीचा आणि तिथे जायच्या वाटेचा उल्लेख राहिला असेल तर आपली बाजू लंगडी. पण जमीन कुणाचीही असो, पुरलेल्या देहाला वाटेल तसा हात लावता येत नाही, विटंबना केली तर तो गुन्हा होतो. हलवायचंच असेल तर सगळ्या वारसांची संमती, तहसील कचेरीत अर्ज, नव्या जागेसाठी ग्रामपंचायतीची मंजुरी, आणि परवानगी हातात आल्याशिवाय कुदळ लावायची नाही. फार जुनं, कोरीव बांधकाम असेल तर पुरातत्त्व खात्यालाही विचारायचं. प्रत्येक ठिकाणी थोडा फरक पडतो, म्हणून आपापल्या वकिलाला विचाराच. माझ्या पदरात मात्र भांडायला भरपूर दारूगोळा पडला होता, आणि खरं सांगते, मला भांडायचंच होतं.

मालेगावहून पुढे जीप. बसायची जागा मिळाली तर नशीब. फाट्यावर रशीदभाई मोटारसायकल घेऊन उभे होते, आत्यासाठी छत्रीही आणलेली. त्यामुळे माझी सुरुवातच बिघडली. छत्री धरणाऱ्या माणसावर एकदम कसं खेकसणार?

शेत नांगरून पडलेलं. खालच्या कोपऱ्यात कडुनिंब, त्याखाली ओटा, ओट्यावर दगडी पिंड. आणि शेततळ्यासाठी मारलेली चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ थेट ओट्यावरून गेलेली. ती पाहिली आणि माझा तोंडाचा पट्टा सुटला. कायदा, गुन्हा, तहसील, सगळं एका दमात. रशीदभाई गोंधळून ऐकत राहिले. ओटा जसाच्या तसा धुऱ्यावर, शेताच्या बांधालगत, बांधून देतो, टाइल बी लावून देतो, खर्च माझा, असं ते पुनःपुन्हा सांगत होते. मला कळेना की माणूस एवढा सज्जनपणे एवढं भयंकर कसं बोलतोय.

तेवढ्यात आत्या ओट्याजवळ जाऊन बसली आणि तिने मातीवर हात ठेवला.

"भाऊ, ओटा तू कुठंबी बांधशीन," ती म्हणाली. "पन माय खाली बसेल हाये. तिले कशी उठवू?"

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बसेल हाये म्हंजे?"

आत्याने सांगितलं. आमच्यात माती देतात. मांडी घालून बसवतात, भोवती मीठ भरतात. मीठ कमी पडलं तेव्हा गावातल्या घराघरांतून ओंजळ ओंजळ आलं होतं, ते तिला आठवत होतं.

रशीदभाईंनी आधी चपला काढल्या. मग चार पावलं मागे सरकले, त्या तापलेल्या ढेकळांवर अनवाणी. "मावशी, मले वाटलं देवाचा ओटा हाये. तुमच्यात तर जाळतात ना? हे तर कबर झाली. काहून नाही सांगितलं कोनी?"

सांगितलं होतं की! व्यवहारापासून प्रत्येकाने समाधी, समाधी असंच म्हटलं होतं. आम्हाला वाटलं, त्यात सगळं आलं. त्यांना वाटलं, देवस्थान. माझा सगळा दारूगोळा भिजून गेला.

त्यांनी पायाने रेघ पुसायला घेतली. तळं वर सरकवलं तर चर काढावी लागेल, पाइप टाकावा लागेल, खर्च वाढेल, याची कुरकुर त्यांनी केलीच, आणि एक अटही घातली: पुढे इथे मंदिर-बिंदिर बांधायचं नाही, वर्षातून एकदा दिवा लावायला या, वाट मी सोडून ठेवतो. आत्याने मान हलवली. ओट्यावर तेल घातलं, लुगड्याची घडी तशीच पिशवीत राहू दिली.

पण तोंडी बोलणं पुरत नाही, माणसं बदलतात, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. म्हणून चहा घेता घेता करारनाम्याचा विषय काढला. रशीदभाई तयार होते. फक्त म्हणाले, "त्यात समाधी नका लिवू. कबर लिवा. मी फसलो, तसे माहे पोरं फसतीन. कबर म्हटलं का कोनी हात नाही लावनार."

माझ्या ओठांवर 'नाही' आलंच होतं. गोसाव्याच्या बाईच्या समाधीला कबर? मी आत्याकडे पाहिलं.

"लिव, नंदे," आत्या म्हणाली. "मायले काय फरक पडते? तिले कोनी उठवू नये, बस."

नोंदणी झालेल्या करारनाम्यात आता दोन्ही शब्द आहेत. तुमच्याकडे अशी जागा असेल तर शेत विकण्याआधीच तिची हद्द आणि वाट लिहून घ्या, आणि घेणाऱ्याला कळेल त्या शब्दात लिहा.

घरी येऊन दोनेक आठवडे झाले असतील. कुकर लावत होते, तेवढ्यात रशीदभाईंचा फोन. पाइपाचं खोदकाम सुरू करायचं होतं. "ताई, एक विचाराचं राहूनच गेलं. मायचं तोंड कोन्या बाजूनं हाये?"

मला माहीत नव्हतं. आजपर्यंत मी कधी विचारलंच नव्हतं. आत्याला फोन लावला.

"उगवतीकडं," आत्या म्हणाली. "पाइप तिच्या पाठीमागून न्या म्हना त्याइले."

रशीदभाईंनी पाइप आजीच्या पाठीमागून नेला.