घरचे गोड बोलायला लागले तेव्हा

डॉक्टर बाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही." आणि त्याच क्षणी मला खात्री पटली, की कॅन्सरच आहे.

नांदेडच्या दवाखान्यात मी त्यांच्या समोर बसलो होतो. एका बाजूला बायको मंगल, दुसऱ्या बाजूला निलंग्याहून आलेली माझी थोरली बहीण, शोभाताई. मी काही विचारलं नव्हतं. मग बाईंनी आपणहून कॅन्सरचं नाव काढलं कशाला? दोघी "बरं झालं बाई" म्हणाल्या, त्याही एका सुरात, आधी ठरवून आल्यासारख्या. मी दोघींची तोंडं बघितली.

आजाराचं नाव इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. थोडक्यात आयटीपी म्हणतात. आपल्या रक्तात प्लेटलेट्स नावाच्या बारीक पेशी असतात. कुठं कापलं, आपटलं तर रक्त थांबवायचं काम त्यांचं. धडधाकट माणसाला त्या दीड लाखाच्या वर असतात, माझ्या आठ हजार निघाल्या. बाईंनी समजावून सांगितलं, की शरीराची राखण करणाऱ्या यंत्रणेला आपल्याच प्लेटलेट्सचा संशय यायला लागतो, आणि ती त्यांना परक्या समजून मारत सुटते. संशय कशामुळं येतो, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बऱ्याच वेळा कारण सापडतच नाही.

हे मला काही पटलं नाही. माझं रेणापूरला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. बोअरमधल्या, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरायला माझ्याकडं येतात. मोटार विनाकारण जळत नसते. शोधलं की कारण सापडतं. सापडत नाही म्हणणारा एक तर आळशी असतो, नाही तर काही तरी लपवत असतो.

सुरुवात पेंटबॉलनं झाली. लातूरच्या बाहेर एका माळावर शनिवार-रविवार मोठा खेळ ठेवला होता. हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, तिच्यातून रंगाच्या गोळ्या सुटतात. तोंडावर मास्क, डोळ्याला जाड काच. अंगावर गोळी फुटली की तुम्ही बाद. नांदेड, सोलापूर, बिदरहून पोरांच्या टोळ्या आल्या होत्या. आम्ही रेणापूरचे दुकानदार, सगळे चाळिशीतले, पोट सुटलेले. आम्हाला ओढून नेलं ते सलीमभाईनं. त्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच आहे. आमची दोस्ती आमच्या वडलांपासूनची.

खरं सांगतो, शाळा सुटल्यापासून मी इतका पळालो नव्हतो. टायरच्या ढिगाआड लपा, पत्र्याच्या पिंपाआड लपा, मातीत आडवे व्हा. रविवारच्या शेवटच्या डावात सगळ्यांची खिचडी करून दोन मोठे गट पाडले, आणि सलीमभाई समोरच्या गटात गेला. झेंडा माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता. एवढ्यात मोडक्या टेम्पोमागून हा उठला आणि माझ्या पाठीत धाडधाड गोळ्या घातल्या. वर पोट धरून हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला पाणी ठेवताना मंगलनं माझी पाठ बघितली. पुरीएवढे काळे-निळे डाग पडले होते.

"कुणी मारलं तुमाला?" ती म्हणाली. "खरं सांगा. खेळात असं लागत नसतंय."

मलाही तेच वाटायला लागलं. गोळ्या खेळणाऱ्या सगळ्यांनीच खाल्ल्या होत्या, पण त्यांचे डाग रुपयाएवढे होते आणि चार दिवसांत पुसट झाले. माझे पसरत चालले. मग माझ्या डोक्यात आलं, की सलीमचं दुकान फ्रिजचं. गोळ्या रात्रभर फ्रिजरमध्ये ठेवल्या असतील तर? दगड होतील त्या! आमच्या दुकानांच्या मधल्या जागेवरून थोडी कुरकुर चालली होतीच. मी त्याच्याशी बोलणं तोडलं. तो चहा घेऊन आला की मी मोटारीत तोंड घालून बसायचो.

मग ब्रश करताना हिरडीतून रक्त यायला लागलं. नडगीवर लाल बारीक ठिपके उठले, ते दाबले तरी जात नव्हते. ठिपक्यांचं खापर सलीमवर कसं फोडणार? शेवटी तोच मला गाडीवर बसवून लातूरला घेऊन गेला. लॅबवाल्यानं रक्त घेतलं, थोड्या वेळानं परत बोलावलं, परत घेतलं. मी म्हटलं, धंदा करून राहिलाय. दोन्ही वेळा आकडा आठ हजारच निघाला, आणि संध्याकाळच्या आत आम्ही नांदेडच्या वाटेवर होतो.

वॉर्डात डेंग्यू तपासला. नव्हता. काविळीच्या तपासण्या झाल्या. मग बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या पोकळीतल्या मगजाची तपासणी. कमरेच्या मागच्या हाडात भूल देऊन सुई घालतात. दुखतं, पण सोसतं. त्यानंतर रक्त येऊ नये म्हणून मला उताणं झोपवून ठेवलं, आणि तेवढ्यात डॉक्टर बाईंनी मंगलला आणि ताईला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं. दोघी बाहेर आल्यावर मी विचारलं, बाई काय म्हणाल्या? मंगल म्हणाली, "काय न्हाई, पथ्यपाणी सांगितलं."

आता तुम्हाला आमच्या घरची रीत सांगायला पाहिजे. आमच्यात आजाऱ्याला आजार सांगत नाहीत. आमच्या काकांना पोटाचा कॅन्सर झाला, तेव्हा सगळ्या गावाला माहीत होतं, काकांना सोडून. त्यांना अल्सर सांगितला होता. त्यांना दाखवलेला रिपोर्टही भलत्याच माणसाचा होता. ताईनं तर अल्सरच आहे म्हणून माहूरच्या रेणुकामातेची खोटी शपथ घेतली, आणि काका गेल्यावर माहूरला जाऊन देवीची ओटी भरली, माफी मागितली. काकांचे शेवटचे महिने मात्र राजासारखे गेले. ते म्हणतील ती पूर्व. त्यांना कुणी नाही म्हटलं नाही, कुणी वाद घातला नाही.

त्यामुळं ताई माझ्या खाटेवर बसून म्हणाली, "रेणुकामातेची शपथ दत्ता, तुला काय बी झालं न्हाई," तेव्हा मला काकाच आठवले.

वॉर्डात डेंग्यूच्या पेशंटला प्लेटलेट्सच्या पिशव्या चढत होत्या. मला एकही नाही. बाईंनी सांगितलं होतं, की चढवल्या तरी शरीर त्याही मारणार, म्हणून फार रक्त जात असलं तरच चढवतात. मला वाटलं, हात टेकले यांनी. प्रेडनिसोलोन नावाच्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. शरीराचा हा उलटा राग शांत करायला त्या देतात. मऊ ब्रश वापरायचा, दुखण्यावर मनानं गोळी घ्यायची नाही, आणि ही गोळी आपल्या मनानं बंद तर मुळीच करायची नाही. हे सगळं मी इमानदारीत पाळलं. मरणाऱ्या माणसानंही पथ्य पाळावं, अशा विचारानं पाळलं.

घरी आलो आणि बघतो तर मंगल बदललेली. आमचं लग्न झाल्यापासून रोज दोन-चार खटके उडाल्याशिवाय आमचा दिवस गेला नाही. आता मी काहीही म्हटलं की, "हाव, बरुबर हाय." भाजीला मीठ जास्त झालं म्हणून मी ताट सरकवलं, तिनं मुकाट्यानं दुसरी भाजी केली. मला झोप येत नव्हती, भूक मात्र वखवखल्यासारखी लागायची, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. तरी ती गप. मला भीती वाटायला लागली. शेवटी मी पारख करायची म्हणून मुद्दाम म्हणालो, "तुझा भाऊ एक नंबरचा लबाड आहे."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आसंल."

संपलं, म्हटलं. भावाला लबाड म्हटल्यावर जी बाई मागं माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती, ती "आसंल" म्हणते. आता माझे दिवस भरले.

मी कुणाजवळ बोललो नाही. रात्री छातीवर हात ठेवून पडायचो, आणि मंगलचं कसं होणार एवढाच विचार यायचा. दुकानात नवीन मोटारी घ्यायचं बंद केलं. ऐन पाणी द्यायच्या दिवसात शेतकरी जळालेली मोटार खांद्यावर घेऊन यायचे, मी त्यांना लातूरला पाठवायचो. अर्धवट कामं मागं ठेवून जायचं नव्हतं मला. सलीमभाईलाही सांगून टाकलं, मधली जागा तू घे. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. झालं, म्हणजे यालाही माहीत होतं.

प्लेटलेट्स वाढत होत्या. तीस हजार, मग नव्वद, मग दीड लाखाच्या वर. मी रिपोर्ट बघून बाजूला ठेवायचो. रिपोर्ट काय, तो तर काकांनाही दाखवला होता. बाईंनी गोळीचा डोस हळूहळू उतरवत नेला आणि एक दिवस बंद केला. मी बरा झालो तो त्यांच्या औषधानं, त्यात वाद नाही. पण त्या दिवशीही नांदेडहून येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी मोटार घेऊन दारात आला. मी त्याला घरातूनच लातूरचा पत्ता सांगितला. तो गेला आणि मंगल चुलीपुढून उठली.

"काय करून राहिले तुमी? दुकान बुडवायचं ठरवलंय का? गिऱ्हाईक दारातून माघारी घालवताव, सुतकात बसल्यावानी बसताव. भाजी सरकवली, ताट सरकवलं, समदं सोसलं. माझ्या भावाला लबाड म्हणलाव. लबाड तुमी, तुमचं खानदान! डॉक्टर बाईनं केबिनमधी बोलवून बजावलं व्हतं, गोळ्या चालू हायेत तवर ह्यो माणूस चिडचिड करंल, त्याच्या तोंडी लागू नका. म्हणून तोंड शिवून बसले. संपल्या न्हवं गोळ्या आता? जरा आरशात बघा, खाऊन खाऊन गाल भोपळ्यावानी फुगलेत. आजारी माणूस असा दिसतो व्हय?"

मी मटकन खाली बसलो. तिला म्हटलं, "पुन्हा बोल."

तिला वाटलं, गोळ्या डोक्यात गेल्या. मग मी रडायला लागलो, आणि रडत रडत सगळं सांगितलं. काकांचा अल्सर, तिचं "आसंल", दुकानाची आवराआवर, सगळं. ती ऐकत उभी राहिली. पीठ लागलेले हात तसेच होते. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"येवढे दिवस येकटंच सोसत व्हताव? मला इचारायचं व्हतं."

मी म्हणालो, "विचारलं असतं, आणि खरंच कॅन्सर असता, तर सांगितलं असतंस?"

तिनं विचार केला. हाताला लागलेलं पीठ चोळून काढलं.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई सांगितलं असतं."

इतक्या दिवसांत मला पूर्ण पटलेली ही पहिली गोष्ट.

आता मी बरा आहे. हा आजार उलटू शकतो, म्हणून रक्त तपासत राहायचं, एवढं लक्षात ठेवलंय. डॉक्टर बाईंचे उपकार आहेत. सलीमभाईचे तर जास्तच, कारण त्या खेळात त्यानं माझी पाठ रंगवली नसती, तर माझ्या रक्ताकडं कुणी बघितलंही नसतं. मधली जागा त्यानं घेतली नाही, आता तिथं आम्ही दोघं चहा पितो.

ज्यांच्या घरात कुणाला हे दुखणं निघालंय, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. डॉक्टर जे सांगतील ते आजाऱ्याला शेजारी बसवून ऐका. दार लोटून घेऊ नका. बातमी चांगली असली, तर तो तुमच्या तोंडाकडं बघून ती ऐकेल. वाईट असली तरी तशीच ऐकू द्या, कारण दाराबाहेर एकटा पडून तो मनात जे ऐकत असतो, ते त्याहून वाईट असतं.