कडी बाहेरून

काजंवाल्या मावशींच्या घराचं पुढचं दार दुरुस्त करायचं की बदलायचं, यावर सगळ्यांचं तोंड चालू होतं. एका मावशींना तेवढं कुणी विचारत नव्हतं.

"असं लाकूड आता शोधून सापडायचं नाही," मुलगा दारावरून हात फिरवत म्हणाला. "पॉलिश मारलं की कसं झळकेल!" सून फोटो काढत होती. सुतार मान डोलावत होता.

"मला नवीन हवंय," मावशी म्हणाल्या. "साधं प्लायवूडचं चालेल."

"काहीतरीच काय आई! बाबांची आठवण आहे ती."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवण म्हणे! नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानात जाताना बाहेरून कडी घालून, कुलूप लावून किल्ली खिशात टाकायचा. आतली कडी तर लग्नानंतर लगेच त्यानेच उपटली. "तुला कशाला हवी?" म्हणाला. मग उमेदीची सगळी वर्षं मावशी खिडकीशी बसून शर्टांना काजं करत राहिल्या. शिंपी गजांतून कपडे द्यायचा, गजांतूनच न्यायचा. मुलगा शाळेतून सरळ बापाच्या दुकानात जायचा आणि बापाबरोबर घरी यायचा. त्याला दार कायम उघडंच दिसलं. आणि लोक? लोक म्हणायचे, नवरा किती जपतो हो! अहो, दागिना जपतात कुलपात. बाईला?

नवरा जाऊन वर्ष झालं, तरी दुपारी आडवं व्हायचं तर मावशी दाराला आतून स्टूल लावत.

"आणि हे बघ," मुलगा सुताराला बाहेरच्या कडीखालची खाच दाखवत होता. रोज कडी आपटून लाकूड तिथे अर्धगोल झिजलं होतं. "किती सुंदर! याला हात लावायचा नाही हं."

मावशी म्हणाल्या, "आत जा सगळे. आतूनही बघा की एकदा कसं दिसतं ते."

तिघं आत गेली. मावशींनी दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि पायात चपला सरकवून तडक चौकातलं दारांचं दुकान गाठलं.

परत आल्या तेव्हा मुलगा गज धरून ओरडत होता. "आई, हा काय वेडेपणा! आतून उघडताच येत नाही!"

"नाहीच येत. तुझ्या बापाने तशीच सोय केली होती. तू रोज शाळेत असायचास."

मुलाचे हात गजांवरच राहिले. खिडकीशी मावशींचं काजांचं स्टूल होतं. त्याने स्टुलाकडे पाहिलं, मग दाराकडे. मावशींनी बाहेरची कडी काढली.

नवीन दार बसलं. सपाट, काडीची शोभा नाही. पहिल्याच दुपारी मावशींनी आतून कडी लावली. थोड्या वेळाने टकटक झाली. टकटक कुणाची ते त्यांना चांगलं कळलं होतं, तरी विचारलं, "कोण आहे?"

"मी, आई. येऊ का?"

"थांब जरा," मावशी म्हणाल्या, आणि हातातलं काज पुरं करूनच उठल्या.