हंगामाच्या सणाला रिकाम्या हातांनी

हरभऱ्याच्या डहाळ्यांचा तो आंबूस, हिरवा वास! जानेवारीतल्या सकाळी मुरुडजवळच्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये पाऊल टाकावे, तर वेदीपाशी तुरीच्या शेंगांचे भारे, हुरड्याची कणसे आणि भोपळे रचलेले असतात. हंगामाचा सण म्हणजे आम्हा ख्रिस्ती शेतकऱ्यांचे पहिल्या पिकाचे अर्पण. ज्याने जे पिकवले, ते त्याने देवापुढे ठेवायचे.

मी मात्र काय पिकवते? शिवारावर नजर ठेवणारे उपग्रह उड्डाणापूर्वी हलवून, तापवून, गोठवून पारखणे, हे माझे काम. प्रयोगशाळेतला साधा स्क्रूसुद्धा दाराबाहेर आणायची सोय नाही.

मी या वाटेला लागले, तेव्हा शेतात राबणाऱ्या माझ्या बाबांनी एकदाच विचारले होते, "तुझ्या त्या गणितात देवाला जागा हाय का, बाई?" त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. चर्चमध्ये कुजबुज होतीच: पोरगी शिकली आणि देवाला मुकली! लोकांचे सोडा हो. पण बाबांनाही तसेच वाटते का, हा काटा मनात वर्षानुवर्षे सलत राहिला.

उत्तर मला कामातच गवसत गेले. प्रार्थनेने सैल स्क्रू घट्ट होत नाही, तो आपणच पिळावा लागतो. पण ज्या नियमांच्या भरवशावर मी तो पिळते, ते या मातीत आणि त्या अथांग अंतराळात तेच राहतात, याचे नवल कधी ओसरले नाही. एवढा शब्दाचा पक्का कोण असेल? ज्याला मी लहानपणापासून हाक मारत आले तोच, असे मी मानते, आणि ते अभिमानाने सांगते.

यंदा आमचा उपग्रह कक्षेत स्थिरावला आणि मी सणाला गावी गेले, रिकाम्या हातांनी. पाळकसाहेबांनी हसून विचारले, "इंजिनियरबाईंनी काय आणलं?" तेवढ्यात मागच्या रांगेतून बाबा उठले.

"तिचं पीक वर हाय, पाळकसाहेब. देवाच्याच दारात ठेवलंय तिनं. रोज आपल्या डोक्यावरून जातंय, ते खाली कशाला आणायचं?"

उपग्रह रोज काही मुरुडवरून जात नाही, हे दुरुस्त करायला जीभ वळवळली खरी. पण सारे चर्च माना वर करून पत्र्याकडे पाहत होते. मग मीही पाहिले.