झुंबरमावशीचे जावई

दौंडला रुळांच्या पलीकडे जी बैठ्या घरांची ओळ आहे, तिच्या शेवटच्या घरात माझी मावशी राहते. झुंबरबाई तिचे नाव. माहेर वडगाव रासाईचे. तिथे तिच्या भावांची शेवंती आणि झेंडू. यजमान रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. ते गेल्यावर मावशीपाशी हे घर राहिले, निवृत्तिवेतन राहिले आणि मागच्या खोलीत ग्रीसचा अर्धा डबा.

त्या ग्रीसचा उपयोग ती एकाच कामासाठी करी. कुणाच्या जास्वंदीला किंवा लिंबाला मुंगळे चढू लागले की ती खोडाला चिंधीची पट्टी बांधी आणि वरून ग्रीसचे बोट फिरवी. "मुंगळा उगाच चढत न्हाई. वर त्याच्या दुभत्या म्हशी बसल्यात," असे ती म्हणे आणि मुंगळ्यांना गोड चिकटा पुरवणारा पानामागचा मावा दाखवी. ओळीतल्या बायका तिला काकू म्हणत आणि सकाळी पान खुडून तिच्याकडे येत. ती आधी पान उलटे करी. "तोंड काय बघता, पाठ बघा. पानाचं दुखणं पाठीला असतंय." तुळस पिवळी पडली म्हणून तक्रार आली, तर मावशी कुंडीत बोट खुपसून विचारी, "रोज किती तांबे घालती? पुण्य जरा कमी कर बाई, मुळं कुजली."

तिच्या दारी पाने घेऊन येणाऱ्या या बायका हेच तिचे वैभव होते. बारा वर्षे एकट्याने राहणाऱ्या बाईला दिवसाची सुरुवात त्यांच्यामुळे होई. हे मला ठाऊक होते, आणि तरीही पुढचे घडले.

मी कृषी पदवीधर आहे. पुण्यात एका खाजगी कंपनीच्या कार्यालयात बसून पिकांवरचे अहवाल लिहितो. दोन वर्षांपूर्वी रथसप्तमीच्या सुमारास ओळीतल्या महिला मंडळाने हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात मला घरच्या झाडांवर बोलायला बोलावले. शेजारच्या गिताबाईंनी एक माइकही आणून ठेवला होता. मावशी पहिल्या रांगेत, नवे लुगडे नेसून बसली होती.

बोलणे संपल्यावर गिताबाईंनी जास्वंदीची एक फांदी पुढे केली. फांदीभर पिठ्या ढेकूण होता. कापसाचे बारीक पुंजके चिकटवावेत तसा. त्यांत काही मोठे, झुपकेदार असेही होते. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "ते मोठं मारू नका गं. ते जावई हायेत."

बायका हसल्या. मलाही हसू आले. हातात माइक होता.

"मावशी, किडीला जावई म्हटल्याने ती मान ठेवत नाही," मी म्हणालो. "जावई असो की व्याही, फवारा मारायचाच. अशा समजुतींमुळेच रोग पसरतो."

हशा मोठा झाला. मावशीने पदर सावरला. त्या दुपारी मी सोबत आणलेले औषध पाण्यात कालवून ओळीतल्या चौदा जास्वंदींवर स्वतः फवारले. सायंकाळच्या डेमू गाडीने परतताना मी समाधानी होतो.

एप्रिलमध्ये गेलो तेव्हा जास्वंदींचे खुंट उरले होते. ढेकूण दुपटीने आला, म्हणून बायकांनी झाडे छाटून टाकली होती. नव्या फुटव्यांवरही पांढरे दिसतच होते. गिताबाई मला म्हणाल्या, "तुमच्या मावशींनी तुम्ही यायच्या आधीपासनं जावई जावई करून अडवून धरलं ना, तवाच वाढलं ते. आता आम्ही त्यांना इचारतच न्हाई काही." मावशी उंबऱ्यात बसली होती. तिने ऐकले. "व्हय, चुकलंच माझं," एवढेच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. तिच्या दारात पाने घेऊन कुणी येताना मला दिवसभरात दिसले नाही.

पुढच्याच महिन्यात कार्यालयात एका अहवालासाठी छायाचित्रे चाळत होतो. एका चित्रात पांढऱ्या झुपक्यांची, पाय असलेली अळी होती. खाली लिहिले होते : पिठ्या ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी, ढेकणासारखीच दिसते, म्हणून चुकून मारली जाते. मी मोबाइलमधला कार्यक्रमाचा फोटो काढून मोठा केला. गिताबाईंच्या फांदीवर तीच होती. माझ्या फवाऱ्याने तीच मेली, मेणाच्या लेपाखालचा ढेकूण तगला.

या भुंगेऱ्याचे नाव मी परीक्षेत लिहिले होते, 'मित्रकीटक' या मथळ्याखाली, आणि गुणही मिळवले होते. पुस्तकात मोठ्या भुंगेऱ्याचे चित्र होते. त्याचे पोर कसे दिसते, हे पाहण्याची गरज मला वाटली नव्हती. आणि जावई का म्हणतेस, एवढे तीन शब्द मावशीला विचारण्याचीही नाही.

त्यानंतर मी दौंडला गेलो, आणि काही बोललो नाही. मावशीने केलेला चहा प्यालो, तिला चष्म्याचा नंबर विचारला आणि परतलो. लिहिताना हात अडखळतो तो या भेटीपाशी. फवारणी अज्ञानातून झाली होती. हे मौन जाणूनबुजून होते.

दिवाळीनंतर अखेर तिला सांगितले. ती गवार मोडत होती.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "ढेकूण जागचा हालत न्हाई. हे पळतंय, आन् सासरवाडीच्याच जिवावर खातंय. मग जावईच की."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"चार बायकांत भाच्याला खोटं पाडू व्हय? पुण्याहून आलेला. माझ्या बहिणीचा." तिने शेंगेचा देठ मोडला. "माझं काय, मी हितंच हाय."

मी उठलो आणि गिताबाईंच्या दारात गेलो. तिथे आणखी तिघी निवडण-टिपण करत बसल्या होत्या. या वेळी हातात माइक नव्हता. मावशीचे बरोबर होते, ढेकूण माझ्यामुळे वाढला, हे मी दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा कुणाला खरे वाटले नाही.

"म्हंजी जावई तुम्ही मारले?" गिताबाई म्हणाल्या. "आन् आम्ही काकूंना बोल लावला इतके महिने?"

हसले कुणी नाही. मग मागून मावशीचाच आवाज आला. "जावई आपल्या पायानं येत न्हाई. मूळ धाडावं लागतंय. जा रविराज, वडगावला मामाच्या जास्वंदीवर असतील."

मूळ म्हणजे बोलावणे घेऊन लेकीला सासरहून आणायला मुऱ्हाळी जातो, तसा मी दुचाकीवरून वडगाव रासाईला गेलो आणि भोके पाडलेल्या बुटांच्या खोक्यातून पाच फांद्या घेऊन आलो. बायका खुंटांपाशी जमल्या होत्या. "आला का मुऱ्हाळी?" एकीने टोमणा मारला. तो मला पोचला आणि पोचायला हवाच होता.

मावशीने खोके माझ्या हातून घेतले. फांदी फुटव्याला बांधली, पान उलटे केले आणि एक झुपकेदार जावई तुरुतुरु चालू लागेपर्यंत थांबली.

"काकू," गिताबाईंनी खाली वाकून विचारले, "मुंगळ्यांना ग्रीस आत्ताच लावायचं का उद्या?"

"आत्ताच," मावशी म्हणाली. "न्हाईतर मुंगळे जावयांना हाकलतील. डबा आण जा. मागच्या खोलीत हाय."

गिताबाई धावतच गेल्या. मी बाजूला झालो.