साडूचं इंग्लंडातलं गाव

अल ऐनमध्ये राहून इंग्लंडातल्या एका खेड्याच्या भानगडी तिथल्या पाद्र्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस जगात एकच असणार, आणि तो माझा साडू आहे, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगायला तयार आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही अबुधाबीत राहायचो आणि शुक्रवारी गाडी काढून त्यांच्याकडे जेवायला जायचो. माझी बायको आणि त्याची बायको सख्ख्या बहिणी. साडू खजुराच्या बागांना पाणी पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. दार उघडल्यावर "या, बसा" म्हणण्याआधी तो म्हणायचा, "अरे, गिरणीवाल्याची दुसरी बायकोही बाळंतपणात गेली." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझी बायको हातातल्या डब्यासकट मटकन सोफ्यावर बसली आणि तिनं "कधी हो?" असं विचारलं. "झाली की तीनशे वर्षं," साडू म्हणाला, आणि खरोखरच त्याचे डोळे भरून आले होते.

हे वेड त्याला लागलं ते त्याच्या इंग्रज साहेबांमुळे. साहेब विधुर, कंपनीच्या व्हिलात एकटे राहायचे, आणि आपल्या खेड्याचा आणि घराण्याचा इतिहास लिहायचा त्यांनी ध्यास घेतला होता. त्या गावच्या चर्चमध्ये कोण जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न लागलं, कोण कुठे पुरलं गेलं, कोण कुणाशी भांडलं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलं. त्याच्या झेरॉक्स पोस्टानं यायच्या, पण साहेबांचे डोळे अधू झालेले, जुनं वळणदार अक्षर त्यांना लागेना. साडूनं कॉलेजात असताना हौसेनं मोडी शिकली होती. "सर, मला बघू द्या," असं तो सहज म्हणाला आणि अडकला. ऑफिस सुटलं की साहेबांच्या व्हरांड्यात बसून तो मोठ्यानं वाचायचा आणि साहेब डोळे मिटून ऐकायचे.

आपल्याकडे कुलवृत्तांत वाचणारे लोक असतात, पण ते स्वतःच्या कुळाचे. साडूनं परकं गाव दत्तक घेतलं. त्यानं त्या गावाचं सरळ मराठीत रूपांतर करून टाकलं. तिथला जमीनदार हा त्याचा पाटील, चर्चचा कारभार बघणारे हे देवस्थानचे ट्रस्टी, आणि टेकडीवरची चार घरं ही वरची वाडी. हॉलमध्ये लोक निसर्गदृश्य लावतात तिथे त्यानं गावाचा नकाशा लावला होता. जेवताना तो भांडणात बाजू घ्यायचा. ओढ्याच्या पाण्यावरून दोन भावांचं फाटलं होतं. वरच्या अंगाच्या थोरल्यानं बांध घालून पाणी अडवलं, खालच्या अंगाच्या धाकट्याची गिरणी बंद पडली. साडूनं धंद्यातलं सगळं ज्ञान पणाला लावून ओढ्याचा उतार आणि पाण्याचा वेग काढला आणि थोरला भाऊ नालायक होता असा निकाल दिला.

"खलास, आता पुरे," माझी मेहुणी म्हणायची. "भाजी गार झाली."

"त्यानं पाणी अडवलं हे तुला चालतं?"

"बाबा, दे आर ऑल डेड," त्याची लेक ताटातून मान वर न करता म्हणायची.

"म्हणून काय झालं? अडवलं ते अडवलंच."

पुढे साहेब निवृत्त होऊन गावी गेले. साडू कॉलिंग कार्डं आणून फोनवर वाचायला लागला. पहिली काही वर्षं बरी गेली. मग साहेब एकाच संभाषणात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, आणि एकदा त्यांच्या मुलीनंच फोन घेतला. "बाबा ठीक आहेत, पण त्यांना आता आठवत नाही," ती म्हणाली. साडूनं त्याच आठवड्यात व्हिसाचे अर्ज आणले, आमचेसुद्धा. मेहुणीला लंडन बघायचं होतं. "लंडन कुठे पळून जात नाही," म्हणून त्यानं ते एका दिवसात उरकलं.

गावात बस थांबली आणि साडू कुणालाही रस्ता न विचारता पुढे चालू लागला. "यल्ला, चला. वळणावर लोहाराचं घर लागेल." लोहाराच्या घराचं ब्यूटी पार्लर झालं होतं, पण वळण बरोबर होतं. चर्चमध्ये एक आजीबाई फुलं रचत होत्या. साडूनं अदबीनं त्यांचं माहेरचं आडनाव आणि घर विचारलं आणि ऐकल्याबरोबर म्हणाला, "म्हणजे तुम्ही ओढ्याच्या खालच्या अंगाच्या. तुमच्यावर फार अन्याय झाला हो."

बाईंनी फुलं खाली ठेवली. साडूनं उताराच्या हिशेबासकट सगळं सांगितलं. "आमच्या घरी त्या लोकांशी का बोलत नाहीत, हे मला लहानपणापासून कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि आम्हाला सगळ्यांना केक खायला घेऊन गेल्या.

साहेब घरामागच्या बागेत खुर्चीवर बसले होते. त्यांनी साडूचा हात हातात घेतला आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "तुम्ही नवे डॉक्टर का?"

साडूनं त्यांच्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं. मग तो म्हणाला, "नाही सर. चला, जरा फिरून येऊ." त्यानं साहेबांना हाताला धरून चर्चमागच्या दफनभूमीत नेलं आणि एकेका दगडापाशी थांबून तो त्यांना त्यांचीच माणसं सांगू लागला. ही तुमची पणजी, ही नवऱ्यावर रुसून पायी माहेरी गेली होती. हे तुमचे काका, यांच्या आवाजानं चर्चमधली कबुतरं उडायची. साहेब गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलासारखे ऐकत होते, हसायच्या जागी हसत होते. एका दगडापाशी ते स्वतःहून थांबले. "याच्या बागेतली सफरचंदं आम्ही चोरायचो," ते म्हणाले. साडूनं हे कुठंच वाचलेलं नव्हतं. त्यानं साहेबांना ते पुन्हा सांगायला लावलं.

परतताना साहेबांनी विचारलं, "तुम्हाला बरीच माहिती आहे. तुम्ही इथलेच का?"

"हो सर," साडू म्हणाला. "इथलाच."

"तरीच," साहेब म्हणाले आणि त्यांनी समाधानानं त्याच्या दंडावर थोपटलं.

बसमध्ये साडू खिडकीशी बसला होता. गाव मागे पडलं, शेतं आली. तेव्हा त्यानं बायकोला विचारलं, "मी खोटं बोललो का गं?"

"खोटं कसलं त्यात," ती म्हणाली, आणि वारं लागत होतं म्हणून वाकून त्याच्या बाजूची खिडकी लावून घेतली.