मॅडमना सापडलेली जोडी

सुजाता मॅडम काल गेल्या. आमच्या प्रोग्राममधली चूक सांगायची राहून गेली.

मी एरवी इथे काही लिहीत नाही. आज भीती वाटते आहे, म्हणून लिहितोय.

मॅडम गोंदियाला आमच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग सहकारी.

कॉम्प्युटर आकडा ठरावीक जागेत बसवतो आणि उरलेलं कापून टाकतो. आमच्या प्रोग्राममध्ये आम्ही तो कापलेला तुकडा दुसऱ्या आकड्यात धरून सोबत नेतो. अशा बेरजेत जास्तीत जास्त किती चूक होईल, हे सिद्ध करणं मॅडमचं काम.

स्पीड वाढावा म्हणून आम्ही एक पायरी गाळली होती.

दोन्ही आकडे अधिक चिन्हाचे असले तर बिघडत नाही, हे मॅडमनी सिद्ध केलं.
पण एक अधिक, एक उणे, आणि दोन्ही जवळजवळ सारखे असले तर? मोठा भाग उडून जातो. जे उरतं, त्यात चूकच जास्त असू शकते.

"मॅडम, सगळ्या टेस्ट पास झाल्या," मी म्हणालो होतो.

"जवाई पाहून राहिला का गा? सारे चांगले चांगलेच आकडे आणून राहिला!"

"मी नाही आणले. मशीनने रँडम घेतले."

"म्हणूनच तं भेव लागते मले. वाईट आकडे असे रस्त्यात भेटत नाही. बसून बनवा लागते."

परवा त्यांचा फोन आला. "बिघडवणारी जोडी सापडली वाटते. उद्या फळ्यावर मांडू."

काल सकाळी हार्ट अटॅक.

आज चिचगडला, त्यांच्या गावी, अंत्यविधीची बुद्धवंदना झाली. बाहेर आलो तर एका कंपनीचा फोन. पुलांच्या हिशोबासाठी ते आमचा प्रोग्राम घेणार आहेत.

"सर, सुनके बुरा लगा. पर मंडे को दे रहे हो ना? टेस्ट तो सब पास है."

"नाही देत."

"क्यों? गलती मिली क्या?"

मी फोन ठेवला.

घरी आल्यापासून जोड्या बनवून पाहतोय. प्रत्येक उत्तर बरोबर येतंय.
बरोबर आलं की आणखी वाईट जोडी बनवतोय.

मॅडमचीच चूक झाली असेल, असं एकदा मनात आलं. बरं वाटलं.
मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

ती जोडी सापडेपर्यंत, किंवा ती नाहीच हे सिद्ध होईपर्यंत, प्रोग्राम देणार नाही. कोणी कारण विचारलं तर मॅडमचं नाव सांगेन.

मॅडम, शेवटचा जय भीम.